नातवंडांसाठी लाकडी कठड्याची खाट घडवताना

बाळाची खाट करायची ठरली की आधी गादी आणावी, ती टेपने मोजावी आणि मगच लाकडाला करवत लावावी. हौशी आजोबा पुष्कळदा नेमके उलट करतात. सुबक खाट तयार होते, पण तिच्यात कोणतीच गादी नीट बसत नाही आणि मग कडेच्या फटीत कापड कोंबण्याची वेळ येते. ही फट जीवघेणी ठरू शकते, कारण गादी आणि कठडा यांच्यामध्ये तोंड अडकले तर तान्ह्या बाळाला मान सोडवून घेता येत नाही. गादी टणक असावी आणि ती एका कडेला सरकवल्यावर दुसऱ्या कडेला दोन बोटांपेक्षा अधिक जागा उरू नये. १२० × ६० सेंमी गादीसाठी खाटेचे आतले माप १२१ × ६१ सेंमी ठेवले की पुरते.

त्यानंतरचे महत्त्वाचे माप गजांमधल्या अंतराचे. अमेरिकेतील नियमांनुसार हे अंतर ६० मिमीपेक्षा अधिक चालत नाही. फट रुंद असेल तर बाळाचे धड पायांकडून बाहेर घसरते आणि डोके मात्र आत अडकून राहते. गज दाबल्यावर थोडे वाकतात, हे लक्षात घेऊन अंतर ६० च्या आतच ठेवावे. १२१० मिमी लांबीच्या बाजूला २५ मिमी रुंदीचे १४ गज घेतले, तर गजांची रुंदी ३५० मिमी होते. उरलेले ८६० मिमी १५ फटींमध्ये वाटले की प्रत्येक फट सुमारे ५७ मिमीची येते. वरची आणि खालची पट्टी क्लॅम्पने शेजारी शेजारी घट्ट धरावी आणि गुण्या (सुताराचा काटकोन) लावून दोन्हींवर एकाच रेषेत खुणा कराव्यात. असे केले की एकही गज तिरपा उभा राहत नाही. पुढे जोडणी झाल्यावर ६० मिमीचा एक ठोकळा कापून तो प्रत्येक फटीत जोर लावून घालून पाहावा. तो कोणत्याही फटीतून पार गेला, तर ती बाजू पुन्हा करावी.

उंचीची मापे तुलनेने सोपी आहेत. गादी ज्यावर टेकते तो तळ वर-खाली दोन टप्प्यांवर बसवता येईल असा करावा. तो खालच्या टप्प्यावर असताना तळापासून कठड्याच्या वरच्या कडेपर्यंत किमान ६६ सेंमी, आणि नवजात बाळासाठी तळ वर घेतलेला असताना किमान ३० सेंमी अंतर ठेवावे. कोपऱ्यांचे पाय मात्र कठड्याच्या वर येऊ देऊ नयेत. त्यांवर कळस किंवा लाटू बसवण्याचा मोह कितीही झाला तरी तो आवरावा, कारण उभ्या राहणाऱ्या मुलाच्या झबल्याचा गळा त्यात अडकतो. वर-खाली सरकणाऱ्या बाजूची रचनाही टाळावी. अशा खाटांच्या विक्रीवर अमेरिकेत २०११ पासून बंदी आहे.

लाकूड बीच, मेपल, अ‍ॅश किंवा सागवान यांपैकी कोणतेही चालेल. ते पक्के वाळलेले मात्र हवे. सागवानात तेल असल्याने सरस लावण्यापूर्वी जोडाची जागा अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावी. गजांसाठी सरळ रेषांचे, बिनगाठीचे तुकडे निवडावेत आणि प्रत्येक गज दोन टोकांवर टेकवून मध्ये तळहाताने दाबून पाहावा. जो करकरतो तो बाजूला टाकावा. जुन्या घरातले रंगवलेले लाकूड भावनेपोटी वापरण्याची इच्छा होते, परंतु जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून ते या कामासाठी नको.

गजांची टोके पट्ट्यांमधल्या खोबणीत सरसाने कायमची बसवावीत. चारही बाजू एकमेकींना जोडताना मात्र सरस किंवा लाकडी स्क्रू न वापरता मशीनचे बोल्ट आणि लोखंडी नट वापरावेत. लाकडात पिळलेला स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की त्याची पकड सैल होते, आणि खाट तर एका नातवंडाकडून दुसऱ्याकडे जाणारच असते. शिवाय बोल्ट काढले की खाट सपाट होऊन दारातून सहज जाते. एरवी कार्यशाळेच्या दारातच ती अडण्याची शक्यता असते.

सर्व कडा गोल करून १२०, १८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासाव्यात. मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसून उभे राहिलेले लाकडाचे बारीक तंतू पुन्हा घासले की हाताला कूस लागत नाही. दात येताना मुले वरची पट्टी कुरतडतात, म्हणून तिथल्या पॉलिशचा विचार आधी करावा. शुद्ध लाखेचे पॉलिश चांगले. तेलाचे पॉलिश लावले तर त्याची फडकी चुरगळून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळू द्यावीत. लाकडाला नाक लावून वास येत असेपर्यंत बाळाला त्यात झोपवू नये.

खाट देताना सुनेला किंवा लेकीला स्पष्ट सांगावे की आत उशी, दुलई, मऊ खेळणी आणि कठड्याभोवतीच्या गाद्या ठेवायच्या नाहीत आणि बाळाला पाठीवर झोपवायचे. बाळ हातांवर रेटून उठू लागले की तळ लगेच खाली उतरवावा; मूल साधारण ८९ सेंमी उंचीचे झाले किंवा कठडा ओलांडू पाहू लागले की खाट बंद करावी. बोल्ट दर महिन्याला तपासावे लागतात, म्हणून त्यांचा पाना तळाच्या खालच्या बाजूला टेपने चिकटवून द्यावा.