द्विशिक्षकी शाळेत मार्गदर्शनाला जाताय? मग या चुका टाळा

मी विषय साधनव्यक्ती (शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना विषयात मदत करणारी) म्हणून बरीच वर्षं वाडीवस्तीवरच्या झेडपी शाळांत फिरतेय. पहिली ते चौथी, पट वीस-बावीस, शिक्षक दोन, अशा शाळा. तिथल्या सर-मॅडमना मदत करायला आपण जातो, केंद्रप्रमुख असोत, साधनव्यक्ती असोत नाहीतर संस्थेचे कार्यकर्ते, आणि त्याच त्याच चुका करतो. यातल्या बऱ्याच माझ्याकडूनही झाल्यात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बहुवर्ग शाळेला एका वर्गाचं प्रशिक्षण देणं. प्रशिक्षणात तिसरीचा एक पाठ, एक शिक्षक, चाळीस मिनिटं असं सगळं छान दाखवतात, आणि सर शाळेत परत जातात तर समोर तिसरी-चौथी एकत्र बसलेली, दोघांची पुस्तकं वेगळी, त्यात मॅडम रजेवर असल्या की पहिली-दुसरीपण त्याच खोलीत. पाठ कसा घ्यायचा ते त्यांना येतं हो, अडतं कुठे तर मी तिसरीला वजाबाकी शिकवतोय तोवर चौथीने काय करायचं. 'पाढे लिहा' हे पाच मिनिटं पुरतं, मग गोंधळ सुरू. म्हणून वर्ग बघायला बसलात की सर ज्या गटाला शिकवतायत तिकडे कमी बघा, दुसऱ्या गटाकडे जास्त बघा. मी घड्याळ लावून लिहून ठेवते, या पोरांच्या हातात किती मिनिटं काहीच काम नव्हतं. मग सरांबरोबर बसून तेवढ्या वेळापुरतंच काम तयार करायचं, म्हणजे हातच्याची वजाबाकी येते त्यांना शाब्दिक उदाहरणांची कार्डं, येत नाही त्यांना दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या, कार्डामागे उत्तर, पोरं आपलं आपण तपासतात. गट इयत्तेचे नकोत, पातळीचे करा. कर्नाटकात १९९५ मधे म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात नली-कली ही शिकवण्याची पद्धत सुरू झाली, आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेच्या कामावरून, तिचा गाभा हाच आहे, पायरीपायरीची कार्डं आणि प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर. आख्खी पद्धत उचलायला नको, एका विषयाची पंधरा-वीस कार्डं झाली तरी सरांना एका गटापाशी निवांत बसता येतं.

दोघांना एकाच दिवशी प्रशिक्षणाला बोलवू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) प्राथमिकला ६० पटापर्यंत दोनच शिक्षक, दोघंही निघाले की शाळेला कुलूप. एकाला या फेरीत बोलवा, दुसऱ्याला पुढच्या, आणि जमत असेल तर आपणच शाळेत जा.

आता मुख्याध्यापकांचं. त्याच कायद्यात प्राथमिकला पट १५० च्या वर असेल तरच वेगळा मुख्याध्यापक धरलाय, त्यामुळे छोट्या शाळेत सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे चार्ज. वर्ग त्यांचाच, पोषण आहाराची नोंद त्यांचीच, यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी माहिती भरणं, व्यवस्थापन समितीची सभा, दाखले, सगळं त्यांचंच. अशा माणसाला शालेय नेतृत्वावर दोन तास भाषण देऊन काय उपयोग? त्यापेक्षा त्यांचा आठवडा त्यांच्याबरोबर कागदावर मांडा आणि सकाळचा पहिला दीड तास फक्त शिकवण्याचा, त्यात फोन कपाटात, एवढं एकच ठरवा. पण मग आपणही अकरा वाजता ग्रुपवर 'तातडीने माहिती पाठवा' टाकायचं बंद केलं पाहिजे. मी ते मेसेज आता शाळा सुटायच्या वेळेला टाकते, काही अडत नाही खरंच.

आणि पोरांसमोर शिक्षकाला दुरुस्त करू नका, कधीच नाही. लहान गावात ती गोष्ट संध्याकाळपर्यंत घराघरात पोचते, आणि पुढच्या वेळी तुम्ही गेलात की सर तुमच्यासाठी ठेवणीतला पाठ काढतात, रोजचा वर्ग काही दिसत नाही. वर्ग झाल्यावर आधी त्यांनाच विचारा कुठे अडलं. एका गुरुजींच्या शेरेबुकात मी एकदा नऊ मुद्दे लिहिले, त्यांनी अगदी शांतपणे विचारलं की मॅडम यातला आधी कुठला करू, आणि मला सांगता आलं नाही. तेव्हापासून एका भेटीत एकच मुद्दा, आणि पंधरा दिवसांनी परत जाऊन तोच बघायचा.

काही ठिकाणी सर हो हो म्हणतात पण वर्गात बदल दिसत नाही, तिथे बहुतेकदा त्यांनी ते होताना पाहिलेलं नसतं, म्हणून तुम्ही स्वतः चारही वर्ग घेऊन अर्धा तास करून दाखवा, फसलं तरी चालेल, कुठे फसलं त्यावर मग दोघं बरोबरीने बोलता. दोन शिक्षकांचं आपसात पटत नसेल तर न्यायनिवाडा करत बसू नका, दोघांना मिळून एकच काम द्या, प्रत्येक मुलाला वाचन आणि गणितात काय येतं याची एक वही. त्या निमित्ताने बोलणं सुरू होतं. आणि बदली झाली, जी होतेच, तर नवीन मॅडमना पहिल्याच दिवशी कळतं की दुसरीतली कुठली चार पोरं अजून जोडाक्षरापाशी अडलीयत.