‘व्याजावर आरामात भागेल’ म्हणताय? या चुका टाळा

निवृत्तीचे पैसे हातात आले की एक वाक्य ठरलेलं: “मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भागेल.” या एका वाक्यापायी कितीतरी घरांची ओढाताण झालेली मी पाहिली आहे.

माझ्या मामांचंच घ्या. 2008 मध्ये त्यांनी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15 लाख ठेवले. दर 9 टक्के, तिमाहीला 33,750 रुपये. मुदत वाढवून 2016 मध्ये नवं खातं काढलं, तेव्हा दर 8.6 झाला होता. 2021 मध्ये तेच पैसे पुन्हा ठेवले 7.4 टक्क्यांनी. तिमाहीला आता 27,750. मुद्दल शाबूत, हातात येणारे सहा हजार कमी. मामांच्या हिशेबाच्या वहीत 2008 ला गाईचं दूध 20 रुपये लिटर आहे, 2021 ला 48. त्याच पानावर रक्तदाबाच्या गोळ्यांपुढे ‘पंधरा दिवसांच्याच’ असं लिहिलेलं दिसलं. मी वही मिटली. त्यांना काही विचारायचा धीर झाला नाही.

तेव्हापासून प्रत्येकाला सांगते: पहिल्या तिमाहीपासूनच व्याजाचा चौथा हिस्सा खर्चायचा नाही, परत गुंतवायचा. दहा वर्षं लागणार नाहीत असे थोडे पैसे मी स्वतः इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात ठेवते. आणि ते रोज उघडून बघत नाही.

दुसरी चूक, आजच्या खर्चावर म्हातारपणाचा हिशेब. महिना 30,000 लागत असतील तर 6 टक्के महागाईने 20 वर्षांनी 96,000 लागतील. दर पाडव्याला मी वाणसामानाची तीच जुनी यादी नव्या भावांनी बेरजेला घेते. तासाभराचं काम आहे, पण लोकांना तेवढंही नको असतं.

महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले, असं समजू नका. भाव वाढतच असतात, फक्त जरा सावकाश.

एफडीचे 7 टक्के बघताना कर विसरू नका. 30 टक्क्यांच्या टप्प्यात हातात पाचही उरत नाहीत.

महागाईला हरवायचं म्हणून ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, उडी घेणाऱ्या पोरांची मला खरंच काळजी वाटते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2024 मध्येच सांगितलंय, तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे) करणाऱ्या शंभरातल्या 93 जणांचे पैसे बुडाले.

आणि दहा वर्षांपूर्वीची 3 लाखांची मेडिक्लेम आज पुरेल, हे गृहीत धरू नका. तब्येत धड आहे तोवरच रक्कम वाढवून घ्या. आजार निघाल्यावर कंपनी वाढवून देईलच असं नाही.