वळचणीला उभे राहा, कोनाड्यात नको : छोट्या आडोशाच्या जागांचे शब्द कसे वापरायचे

हल्ली सगळ्याच छोट्या जागेला लोक "कॉर्नर" म्हणून मोकळे होतात, नाहीतर मग एकदम "कोनाडा" लिहितात, आणि त्या कोनाड्यात हिरोइन पुस्तक वाचत बसलेली असते. अहो, कोनाडा म्हणजे जाड भिंतीत ठेवलेली खोबण, पणती, काडेपेटी, कुंकवाचा करंडा मावेल एवढी. माणूस बसेल कसा तिच्यात? त्याला दारं लावून आत फळ्या मारल्या की झालं फडताळ. खिडकीपाशी बसायची जागा असेल तर सरळ खिडकीतला कट्टा म्हणा, काही बिघडत नाही.

तर पहिली गोष्ट ही बघायची की तिथे माणूस थांबतोय की वस्तू ठेवलीय.

माणूस थांबत असेल तर बहुतेक वेळा शब्द येतो आडोसा, नाहीतर वळचण. आडोसा म्हणजे वारा, पाऊस किंवा लोकांची नजर अडवणारं काहीही, झाड, भिंत, उभा ट्रकसुद्धा चालतो. याचं रूप आडोशाला होतं, "आडोसाला" लिहू नका प्लीज, फार खटकतं. वळचण मात्र घराचीच असते. उतरत्या छपराची भिंतीच्या बाहेर आलेली कड आणि तिच्याखालची जागा, जिथून पावसात पागोळ्या गळतात ती. स्लॅबच्या बिल्डिंगला वळचण नसते, त्यामुळे दादरच्या आठव्या मजल्यावरची कबुतरं वळचणीला बसली असं लिहिलं की वाचणारा हसतो.

आता "ला" की "त", इथे बरेच जण अडकतात. ज्या जागेला पुढून भिंत नाही, नुसता आधार आहे, तिथे ला लागतो : आडोशाला उभा राहिला, वळचणीला थांबलो, कडेला बसली. जी जागा आजूबाजूंनी आवळलेली, आत शिरायची, तिथे त : कोनाड्यात, झाडाच्या ढोलीत, कड्याच्या कपारीत, दोन घरांच्या सांदीत. मांजर फ्रिजच्या मागे सांदीत शिरतं, सांदीला नाही. आणि गंमत म्हणजे वळचणीला दोन्ही चालतं, फक्त अर्थ बदलतो, माणूस वळचणीला उभा असतो पण विळा वळचणीत खोचलेला असतो, कारण तो खरंच गवताच्या की कौलांच्या आत घुसवलेला असतो ना.

लाक्षणिक वापर करताना जरा जपून. "सत्तेच्या वळचणीला गेले" हे पेपरात रोज असतं आणि त्यात टोमणा असतो, म्हणजे स्वतःचं छप्पर नाही म्हणून दुसऱ्याच्या छपराखाली घुसलेला माणूस. त्यामुळे कौतुकाच्या पोस्टमध्ये "गुरुजींच्या वळचणीला वाढलो" लिहाल तर गुरुजींना काय वाटेल ते तुम्हीच बघा, तिथे "छायेत" ठीक आहे. आईसाठी पदर आहे, कूस आहे, तिथे वळचण कशाला हवी. नियमाचा आडोसा घेतला म्हटलं की लबाडी आली, आसरा घेतला म्हटलं की बिचारेपणा. आणि "मनाचा कोनाडा" कवितेत आता इतका घासून झालाय की मला तरी तो दिसला की पुढची ओळ वाचवत नाही.

सांदीकोपरा हा जोडशब्द शोधाशोधीसाठी चांगला : सांदीकोपऱ्यात हात घालून बघितलं पण किल्ली नाही. कानाकोपरा मात्र मोठ्या प्रदेशाचा, राज्याच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात, सांदीकोपऱ्यातून नाही.

शेवटचं ट्रेकवाल्यांसाठी, कारण त्यांच्या फोटोंखाली ही गडबड कायम असते. गडाच्या दरवाजाच्या आत बाजूला पहारेकऱ्यांना बसायला जी खोलीवजा जागा असते, रायगडाच्या महादरवाजाशी आहे तशी, ती देवडी. देवळी म्हणजे भिंतीतला दिव्याचा छोटा कोनाडा. देवडीत पहारेकरी, देवळीत पणती. उलटं लिहिलंत तर पहारेकरी फारच बारीक होतो.