जावाचा ‘रीडर’ वापरताना या चुका टाळा

फाइल, नेटवर्क किंवा कीबोर्डवरून आलेला मजकूर कॅरेक्टरच्या रूपात वाचण्यासाठी जावा या प्रोग्रामिंग भाषेमध्ये १९९७ साली आलेल्या १.१ आवृत्तीपासून ‘रीडर’ हा क्लास उपलब्ध आहे. इनपुटस्ट्रीम बाइट देतो आणि रीडर कॅरेक्टर देतो, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. तरीही रीडरच्या बहुतेक तक्रारी दोनच ठिकाणी उगम पावतात. पहिले ठिकाण म्हणजे बाइटचे कॅरेक्टर होते तो सांधा, आणि दुसरे म्हणजे मेथडने परत केलेल्या मूल्याकडे झालेले दुर्लक्ष.

एन्कोडिंग न सांगणे

प्रोग्राम स्वतःच्या मशीनवर नीट चालतो आणि दुसऱ्याच्या विंडोजवर मात्र देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात, तेव्हा प्रथम फाइलरीडरकडे पाहावे. त्याला एन्कोडिंग, म्हणजे बाइटवरून कॅरेक्टर ओळखण्याची पद्धत, सांगितले नाही तर जावा १७ पर्यंतच्या आवृत्त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सेटिंगवरून ते ठरवत असत. २०२२ साली आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच एन्कोडिंग गृहीत धरले जाते. फाइलरीडरच्या कन्स्ट्रक्टरला चारसेट (म्हणजे एन्कोडिंगचे नाव) देण्याची सोयदेखील जावा ११ मध्येच आली. त्याहून जुन्या आवृत्तीवर काम करायचे असेल, तर फाइलइनपुटस्ट्रीमवर इनपुटस्ट्रीमरीडर चढवून त्याला चारसेट द्यावा लागतो.

बिघाड ओळखण्याची खूण सोपी आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि त्यातला पहिला बाइट नेहमी २२४ असतो. तोच मजकूर विंडोज-१२५२ या विंडोजच्या जुन्या रोमन एन्कोडिंगमधला समजून वाचला, की प्रत्येक चिन्हामागे तीन चिन्हे उमटतात आणि पहिले दरवेळी तेच असते: डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’. असा मजकूर उलट फिरवून दुरुस्त करता येईल, असा अनेकांचा समज असतो. पण देवनागरीच्या बाबतीत तो फसवा आहे. हलन्ताचा शेवटचा बाइट १४१ आणि ऱ्हस्व उकाराचा १२९ आहे, आणि विंडोज-१२५२ मध्ये या दोन्ही क्रमांकांना कोणतेही चिन्ह नेमलेले नाही. जावा त्यांच्या जागी प्रश्नचिन्हांकित चौकोन ठेवतो आणि मूळ बाइट तिथेच हरवतो. एकदा असा मजकूर साठवला, की त्यातली जोडाक्षरे आणि ऱ्हस्व उकार परत मिळत नाहीत.

इनपुटस्ट्रीमरीडरला नुसता चारसेट दिला, तर चुकीचे बाइट तो गुपचूप बदलून पुढे जातो. ‘फाइल्स’ या क्लासमधली न्यूबफर्डरीडर ही मेथड मात्र अशा वेळी एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकणारा रीडर देते. प्रोग्राम अडला तरी चालेल, पण डेटा नकळत बिघडू नये, असे वाटत असेल तर न्यूबफर्डरीडरच निवडावी. शिवाय यूटीएफ-८ फाइलच्या आरंभी बीओएम (एन्कोडिंगची खूण म्हणून ठेवलेला न दिसणारा कॅरेक्टर) असल्यास जावा तो आपणहून काढत नाही. पहिल्याच स्तंभाचे नाव हुबेहूब दिसूनही तुलनेत जुळत नसेल, तर तो न दिसणारा कॅरेक्टर तिथे बसलेला असण्याची दाट शक्यता आहे.

परत आलेले मूल्य न तपासणे

रीड ही मेथड कॅरेक्टर नव्हे, तर इंट परत करते. मजकूर असेल तर ० ते ६५५३५ यांपैकी संख्या मिळते आणि संपला असेल तर उणे १. आलेले मूल्य आधी कॅरेक्टरमध्ये कास्ट केले, म्हणजे त्या प्रकारात बदलले, आणि मग उणे १ शी ताडून पाहिले, तर उणे १ चे ६५५३५ झालेले असते, तुलना कधीच खरी ठरत नाही आणि लूप थांबत नाही. म्हणून आधी तपासावे आणि नंतरच कास्ट करावे.

अॅरे देऊन वाचताना होणारी चूक अधिक फसवी असते, कारण लहान फाइलवरच्या चाचणीत ती सहसा उघड होत नाही. १००० जागांचा अॅरे दिला म्हणून १००० कॅरेक्टर येतीलच, असे आश्वासन रीडर देत नाही. शेवटच्या खेपेस १३७ कॅरेक्टर आले, तर उरलेल्या ८६३ जागांत मागच्या खेपेचा मजकूर तसाच पडून असतो. संपूर्ण अॅरेची स्ट्रिंग केली, की आउटपुटच्या शेवटी आधीचाच तुकडा पुन्हा दिसतो. परत आलेली संख्या घेऊन तेवढ्याच भागाची स्ट्रिंग करावी. काही कॅरेक्टर वगळून पुढे जाणाऱ्या स्किप या मेथडलाही हाच नियम लागू आहे.

बफर्डरीडरची एकेक ओळ वाचणारी रीडलाइन ही मेथड मजकूर संपल्यावर नल देते, रिकाम्या ओळीसाठी मात्र रिकामी स्ट्रिंग देते. या दोहोंत गल्लत केली, तर फाइल पहिल्या मोकळ्या ओळीपाशीच संपल्यासारखी वाटते. एकाआड एक ओळी गळत असतील, तर लूपच्या अटीत एकदा आणि आत पुन्हा एकदा रीडलाइन बोलावलेली आहे का, ते पाहावे.

रेडी या मेथडवर लूप चालवणे हा प्रकार तर सर्रास आढळतो. रेडीने खरे सांगितले, तर पुढचे वाचन अडणार नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. खोटे सांगितले म्हणून मजकूर संपला, असे मुळीच नाही. नेटवर्कवर पुढचे बाइट अजून वाटेत असताना असा लूप अर्ध्यातच बाहेर पडतो.

एकाच स्ट्रीमवर दोन रीडर

इनपुटस्ट्रीमरीडर मागितले तेवढेच बाइट घेत नाही. तो साधारणपणे ८१९२ बाइटांपर्यंत आगाऊ उचलून ठेवतो. त्यामुळे इनपुट घेणाऱ्या फंक्शनमध्ये दरवेळी सिस्टिम-इनवर (प्रोग्रामला मिळणाऱ्या नेहमीच्या इनपुटवर) नवा बफर्डरीडर बांधला, तर कीबोर्डवरून एकेक ओळ देताना सगळे सुरळीत वाटते, पण इनपुट फाइलमधून वळवले की पहिली ओळ मिळते आणि बाकीच्या पहिल्या रीडरच्या बफरमध्ये अडकून राहतात. रीडर एकदाच बांधावा आणि तोच सगळीकडे पुरवावा. मधल्या एखाद्या फंक्शनने तो बंद करू नये, कारण बाहेरचा रीडर बंद केला की आतला स्ट्रीमही बंद होतो आणि त्यानंतरचे वाचन एक्सेप्शनवर आदळते. फाइलसाठी उघडलेला रीडर मात्र जावा ७ पासून उपलब्ध असलेल्या ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’मध्येच, म्हणजे काम संपताच तो आपोआप बंद करणाऱ्या रचनेत, ठेवावा.