रीजनल एअरलाइनमध्ये वैमानिकांचा हिशोब कसा मांडायचा

विमान गेटवर उभं आहे, फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आणि केबिन क्रू हजर आहेत, तरी फेरी रद्द होते, कारण कॅप्टन नाही. अमेरिकेतल्या रीजनल एअरलाइन्समध्ये, म्हणजे मोठ्या एअरलाइन्ससाठी छोट्या पल्ल्याच्या फेऱ्या करणाऱ्या कंपन्यांत, 2022-23 च्या सुमारास वैमानिकांची टंचाई बऱ्याचदा अशीच दिसली. पगारपत्रकावरची माणसं पुरेशी असतात. तुटवडा पडतो तो एका सीटवर, एका बेसवर (जिथून क्रूची ड्युटी सुरू होते तो विमानतळ), एखाद्या आठवड्यात. म्हणून हिशोबाला बसताना आधी 'एकूण वैमानिक' हा रकाना काढून टाका. कॅप्टनचा तक्ता वेगळा, फर्स्ट ऑफिसरचा वेगळा, आणि दोन्ही बेसवार, महिनावार.

सुरुवात ब्लॉक अवर्सपासून करा. गेट सोडल्यापासून पुढच्या गेटवर थांबेपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक. समजा 30 विमानं आहेत आणि प्रत्येक विमान दिवसाला सरासरी 9 ब्लॉक तास उडतं. दिवसाचे 270, तीस दिवसांचे 8,100 तास झाले. एका कॅप्टनकडून महिन्याला 75 तास धरले तर 108 कॅप्टन फक्त ठरलेलं वेळापत्रक उडवायला लागतात.

75 का, 85 का नाही, असं वरिष्ठ हमखास विचारतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक एफएएच्या पार्ट 117 या नियमाप्रमाणे वैमानिकाला 365 दिवसांत 1,000 तासांपेक्षा जास्त आणि सलग 672 तासांत, म्हणजे 28 दिवसांत, 100 तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. वर्षाच्या मर्यादेला 12 ने भागलं की 83 येतात, आणि तिथेच पुष्कळ जण फसतात. रीजनलच्या फेऱ्या तास-सव्वा तासाच्या असतात. दिवसात चार-पाच उड्डाणं आणि प्रत्येक दोन उड्डाणांमध्ये पाऊण तास जमिनीवर. हा जमिनीवरचा वेळ ब्लॉकमध्ये येत नाही, पण ड्युटीत येतो. रिपोर्टिंगची वेळ आणि उड्डाणांची संख्या यांवर ड्युटीची मर्यादा 9 ते 14 तासांच्या दरम्यान ठरते, शिवाय सात दिवसांत 60 ड्युटी तासांची वेगळी मर्यादा आहे. लांब पल्ल्याच्या वैमानिकाचे उड्डाणाचे तास आधी संपतात, रीजनलच्या वैमानिकाची ड्युटी आधी संपते. कागदावर 85 धरून बनवलेलं रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) वादळाच्या पहिल्याच आठवड्यात कोसळतं.

आता रिझर्व्ह, म्हणजे ठरलेल्या फेऱ्या न देता ऐन वेळच्या गरजेसाठी राखून ठेवलेले वैमानिक. एकूण उपलब्ध कॅप्टनपैकी 20 टक्के रिझर्व्हवर हवेत असं धरलं तर 108 भागिले 0.8, म्हणजे 135. रजा, सिम्युलेटरची फेरतपासणी, आजारपण, मेडिकल नामंजूर झालेले आणि लष्करी सेवेवर गेलेले मिळून 15 टक्के लोक कोणत्याही दिवशी नसतात असं धरा. 135 भागिले 0.85, म्हणजे 159. तीस विमानांना 159 कॅप्टन आणि तेवढेच फर्स्ट ऑफिसर, म्हणजे विमानामागे पाचाहून थोड्या जास्त जोड्या. हे 20 आणि 15 टक्के उदाहरणापुरते आहेत. तुमचे खरे आकडे मागच्या 24 महिन्यांच्या नोंदींतून काढा आणि प्रत्येक महिन्याचे वेगळे काढा. फेब्रुवारीचं आजारपण आणि जुलैची रजा यांची सरासरी कुठल्याच महिन्याला लागू पडत नाही.

रिझर्व्हची टक्केवारी छोट्या बेसवर हमखास फसवते. एखाद्या बेसवर 12 कॅप्टन असतील तर 20 टक्क्यांनी 2.4 रिझर्व्ह येतात. रिझर्व्हवाला महिन्यात साधारण 18 दिवस कामावर असतो, त्यामुळे रोज हाताशी 1.4 माणसं. शॉर्ट कॉल रिझर्व्हचा (बोलावल्यावर थोड्या वेळात हजर व्हावं लागणाऱ्याचा) उपलब्धतेचा काळ जास्तीत जास्त 14 तासांचा असतो. पहाटे चारला सुरू झालेला माणूस रात्रीच्या शेवटच्या फेरीला चालत नाही, म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ वेगळी धरावी लागते. 1.4 मध्ये दोन पाळ्या बसत नाहीत. दुसऱ्या बेसवरून माणूस डेडहेड करून (प्रवासी म्हणून विमानात बसवून) आणायचा तर त्याची ड्युटी प्रवासातच खर्च होते. अशा बेसवर टक्केवारी विसरा आणि प्रत्येक पाळीत किमान एक माणूस असा हिशोब करा. तो परवडत नसेल तर तो बेस मुळात चालवावा का, हा प्रश्न त्याच बैठकीत घ्या.

इथपर्यंतचं गणित माणसं जागेवर आहेत असं धरून झालं. रीजनलमध्ये ती जागेवर राहत नाहीत. बहुतेकांच्या दृष्टीने ही मोठ्या एअरलाइनकडे जाण्याची पायरी आहे, आणि त्यात गैर काही नाही. समजा महिन्याला 4 कॅप्टन आणि 2 फर्स्ट ऑफिसर सोडून जातात. गेलेल्या प्रत्येक कॅप्टनमागे एका फर्स्ट ऑफिसरचं अपग्रेड (कॅप्टनपदावर बढती) आणि त्याच्या जागी एक नवा माणूस, म्हणजे एका राजीनाम्यामागे दोन प्रशिक्षणं. महिन्याचा हिशोब 4 अपग्रेड आणि 6 नवे. प्रशिक्षणात काही जण अडकतात, म्हणून 4 कॅप्टन हवे असतील तर 5 जणांना बसवा आणि 6 नव्यांसाठी 7 जणांचा क्लास भरा. ऑफर स्वीकारलेल्यांपैकी काही जण क्लासच्या दिवशी उगवतच नाहीत, कारण तोवर त्यांना दुसरीकडून बोलावणं आलेलं असतं. ती गळती वेगळ्या रकान्यात लिहा. ती सिम्युलेटरमधल्या नापासांत मिसळली की प्रशिक्षण विभागावर नाहक खापर फुटतं.

खरी कोंडी वेळेची आहे. जाणारा दोन आठवड्यांची नोटीस देतो. नवा माणूस ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर आणि लाइनवरचा (नेहमीच्या प्रवासी फेऱ्यांवरचा) देखरेखीचा काळ संपवून बाहेर पडायला तीन-चार महिने घेतो. अपग्रेडलाही अडीच महिने सहज लागतात. म्हणून गळतीला या काळाने गुणा: महिन्याला 4 कॅप्टन गुणिले अडीच महिने, म्हणजे 10 कॅप्टन गरजेपेक्षा जास्त हवेत. 159 नव्हे, 169. वित्त विभागाला हे दहा फुकटचे वाटतात. त्यांना हे गुणाकारासकट दाखवा, नाहीतर पुढच्या तिमाहीत कापले जाणारे पहिले हेच दहा.

अपग्रेडसाठी माणूस आणायचा कुठून, हा यातला सगळ्यांत अवघड भाग आहे. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ कोलगन एअरची फ्लाइट 3407 कोसळून 50 जणांचा जीव गेला. त्यानंतर आलेल्या कायद्याने आणि 2013 च्या नियमांनी फर्स्ट ऑफिसरलाही एटीपी सर्टिफिकेट (एअरलाइन वैमानिकाचा परवाना) बंधनकारक झालं, म्हणजे साधारण 1,500 तास. विमानविद्येची चार वर्षांची मान्यताप्राप्त पदवी असेल तर 1,000, दोन वर्षांची असेल तर 1,250, लष्करी वैमानिकाला 750. या अटीची चर्चा सगळे करतात. त्याच नियमांतली दुसरी अट मात्र नजरेतून निसटते: कॅप्टन होण्यासाठी एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर म्हणून 1,000 तास लागतात. चार्टर किंवा लष्करातला काही अनुभव त्यात धरता येतो, पण बहुतेक नव्यांचा अनुभव छोट्या विमानांवर शिकवण्याचा असतो आणि तो इथे चालत नाही.

महिन्याला 65 तास उडणारा फर्स्ट ऑफिसर 1,000 तासांवर साडेपंधरा महिन्यांत पोहोचतो. रिझर्व्हवर बसून 40 तास उडणाऱ्याला 25 महिने लागतात. कॅप्टन कमी पडले की फेऱ्या कमी होतात. फेऱ्या कमी झाल्या की नवे फर्स्ट ऑफिसर घरी बसतात, त्यांचे तास भरत नाहीत, आणि पुढचे कॅप्टन तयार होत नाहीत. अशा वेळी घाबरून आणखी फर्स्ट ऑफिसर घेतले तर तेवढेच तास जास्त लोकांत वाटले जातात आणि गाठ आणखी घट्ट बसते. उपाय भरतीच्या वेगात आहे: कॅप्टनच्या संख्येला झेपतील तेवढेच फर्स्ट ऑफिसर घ्या, आणि 700 ते 1,000 तासांच्या टप्प्यात असलेल्यांची नावनिशी यादी दर महिन्याला काढा. पुढच्या सहा महिन्यांचे कॅप्टन त्या यादीत आहेत. बाहेरून तयार कॅप्टन आणणं जलद असतं, पण सीनिऑरिटीच्या क्रमात ते तळाला येतात, त्यामुळे कोणत्या बेसवर, कोणत्या रोस्टरवर बसावं लागेल हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा.

नव्या माणसाच्या बाबतीत एक तारीख रोज डोळ्यांसमोर ठेवावी लागते. टाइप रेटिंगची (त्या विमानप्रकाराच्या परवान्याची) तपासणी झाल्यापासून 120 दिवसांत त्याने लाइनवर 100 तास पूर्ण करायचे असतात. यालाच कन्सॉलिडेशन म्हणतात. देखरेखीच्या उड्डाणांसाठी तो 60 दिवस रांगेत थांबला तर उरलेल्या 60 दिवसांत 100 तास, आणि तेही रिझर्व्हवरून, जमवणं कठीण. मुदतवाढ अटींसह मिळते; तीही हुकली की माणूस परत सिम्युलेटरमध्ये, म्हणजे आधीच तुटपुंजा असलेला स्लॉट पुन्हा त्याच्यावर खर्च. नव्यांना रिझर्व्हऐवजी पहिले तीन महिने ठरलेल्या फेऱ्या द्या. त्यासाठी युनियनशी करार करावा लागला तरी करा. जोड्यांचाही नियम आहे: दोघांपैकी एकाचे तरी त्या विमानप्रकारावर 75 लाइन तास झालेले हवेत, आणि फर्स्ट ऑफिसरचे 100 तासही झाले नसतील तर 15 नॉट्सपेक्षा जास्त आडवा वारा, ओली-बर्फाळ धावपट्टी किंवा कमी दृश्यमानता असताना टेकऑफ-लँडिंग कॅप्टननेच करायचं. एकाच महिन्यात पाच नवे कॅप्टन आणि सात नवे फर्स्ट ऑफिसर एकाच बेसवर पाठवले, तर रोस्टरवर माणसं दिसतात पण जोड्या लागत नाहीत.

देखरेखीची उड्डाणं चेक एअरमनच (नव्यांना तपासण्याचा अधिकार असलेले कॅप्टन) घेतात. जेटवर नवख्याला किमान 25 तास लागतात, पण ज्याचं पहिलंच जेट आहे त्याच्यासाठी 35 धरा. महिन्याला 10 जण, म्हणजे 350 तास. एका चेक एअरमनकडून प्रत्यक्षात 60 उपयोगी तास मिळाले तरी खूप, म्हणजे 6 जण. त्यांच्या रजा आणि इतरांच्या लाइन चेकसाठी आणखी 3. हे नऊ जण तुमचे सगळ्यांत अनुभवी कॅप्टन असतात, आणि मोठ्या एअरलाइनलाही नेमके तेच हवे असतात. दोघे गेले की एक पंचमांशाहून जास्त क्षमता गेली, आणि सिम्युलेटर पास झालेले लोक महिनाभर पगार घेत रांगेत उभे. त्यांचा वेगळा भत्ता आणि सुट्टीच्या दिवशीच्या कामाचे जादा दर यांत कसर करू नका. नव्या कॅप्टनच्या किमान एका उड्डाणाला एफएएचा निरीक्षक कॉकपिटमध्ये असावा लागतो. त्याची वेळ शेवटच्या दिवशी मागितली तर पूर्ण तयार कॅप्टन त्या एका सहीसाठी अडून राहतो. वेळ देखरेखीच्या उड्डाणांच्या पहिल्याच आठवड्यात मागा.

तास भरलेले फर्स्ट ऑफिसरही अपग्रेडची बिड (पसंतीचा अर्ज) टाकतीलच असं नाही. आपल्या सीटवर सीनिअर असलेला माणूस कॅप्टन झाला की पुन्हा सर्वांत ज्युनिअर होतो. शनिवार-रविवारची सुट्टी जाते, रिझर्व्ह गळ्यात पडतं, आणि घरापासून दूरच्या बेसवर भाड्याची खोली घ्यावी लागते. तासाचा दर वाढूनही तो नको म्हणत असेल तर त्याचं गणित बरोबर आहे. नकार देणाऱ्यांना कारण विचारा आणि बेसवार लिहून ठेवा. बऱ्याच ठिकाणी लाँग कॉल रिझर्व्ह (ज्याला हजर व्हायला जास्त वेळ मिळतो), ये-जा करणाऱ्यांसाठी महिन्यातल्या काही रात्रींचं हॉटेल, किंवा आहे त्याच बेसवर अपग्रेडची हमी यांचा उपयोग बोनसपेक्षा जास्त होतो.

पैशाचा प्रश्न खोटा होता असं मुळीच नाही. नव्या फर्स्ट ऑफिसरला कधीकाळी तासाला 20-25 डॉलर मिळत. जून 2022 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या रीजनल कंपन्यांनी हा दर 90 डॉलरपर्यंत नेला आणि इतरांना त्यांच्या मागोमाग जावंच लागलं. एकदा सगळ्यांचे दर सारखे झाले की पैशाने भरती होते, थांबवणं होत नाही. मुदतीच्या बोनसबाबत एक खबरदारी घ्या: बंधन एकाच तारखेला संपणाऱ्यांचा गठ्ठा तयार होऊ देऊ नका, कारण पुढच्या महिन्यात तो गठ्ठाच निघतो. हप्ते पाडा.

गळतीचा अंदाज मागच्या वर्षाच्या सरासरीवर बांधू नका. ती मोठ्या एअरलाइन्सच्या क्लासच्या आकारावर चालते. त्यांच्याकडे 65 व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांचा अंदाज, नव्या विमानांच्या डिलिव्हरी आणि तुमच्या फ्लो करारातले (ज्याने तुमचे वैमानिक ठरलेल्या क्रमाने मोठ्या एअरलाइनकडे जातात) मासिक आकडे हे तिन्ही वाचा. 2024 मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी डिलिव्हरी लांबल्यामुळे भरती आखडती घेतली, तेव्हा रीजनलची गळतीही ओसरली आणि ज्यांनी आदल्या वर्षीच्या वेगाने क्लास भरले होते त्यांच्याकडे उडायला तास नसलेले फर्स्ट ऑफिसर साठले. दर तिमाहीला तीन अंदाज ठेवा, म्हणजे भरती थांबलेली, चालू आणि जोरात, आणि क्लासच्या तारखा रद्द करायचा अधिकार कोणाकडे आहे हे आधीच ठरवा.

एवढं करूनही कॅप्टन पुरत नसतील तर वेळापत्रक कापावं लागतं, आणि ते महिन्याच्या फेऱ्यांसाठी वैमानिकांची बिड उघडण्याआधी कापावं. महिन्याच्या बिडनंतर एखाद्या बेसवर कॅप्टन न मिळालेल्या फेऱ्यांचे तास त्या बेसच्या रिझर्व्हच्या तासांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असतील तर तो महिना सुरू होण्याआधीच हरलेला आहे. मग शेवटच्या क्षणी सुट्टीवरून बोलावणं सुरू होतं, लोक फोन उचलणं बंद करतात, आजारपणाच्या नोंदी वाढतात. कापताना प्रत्येक मार्गावरची एकेक फेरी काढू नका. त्याने क्रूचे दिवस विस्कळीत होतात आणि कॅप्टन फारसे वाचत नाहीत. एका विमानाच्या दिवसभरातल्या सगळ्या फेऱ्यांची आख्खी रांग काढा. एक विमान उभं केलं की वरच्या हिशोबाने पाच कॅप्टन सुटतात. स्कायवेस्टने मार्च 2022 मध्ये वैमानिकांअभावी अनुदानित हवाई सेवेतल्या 29 छोट्या गावांतून बाहेर पडण्याची नोटीस दिली होती. ग्रेट लेक्स एअरलाइन्सने त्याआधीच 19 आसनी बीच 1900 मधली दहा आसनं काढून 9 ठेवली होती, म्हणजे वेगळ्या नियमांखाली कमी तासांचे फर्स्ट ऑफिसर चालतील. ती मार्च 2018 मध्ये बंद पडली. कोणती गावं, कोणती विमानं आणि कोणत्या क्रमाने, ही यादी तुटवडा नसतानाच तयार करून मोठ्या भागीदार एअरलाइनच्या नियोजन विभागाशी पक्की करा. ब्लॉक अवर्सचा करार त्यांच्याशी असतो, आणि दोन महिने आधी सांगितलेल्या कपातीवर ते बोलायला तयार असतात. त्याच दिवशी सांगितलेल्या रद्द फेरीवर मात्र दंड लागतो.