गॅलरीतल्या दुधीला फळ कसं धरवावं, आणि शेजारी पानफुटी का लावावी

ठाण्यात घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत दुधीचा वेल ग्रिलवर जोमाने चढतो, फुलं येतात, आणि बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळतात. बरेच जण मग खत वाढवतात. पण बहुतेकदा अडलेलं असतं ते परागीकरण, म्हणजे नर फुलातले पराग मादी फुलापर्यंत पोचणं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि रात्री उडणारे पतंग त्यांचे पराग वाहतात. पतंग वरच्या मजल्यावर फिरकले नाहीत, तर ते काम आपण करायचं.

आधी फुलं ओळखा. नर फूल लांब, बारीक देठावर असतं. मादी फुलाखाली लवदार, इवला दुधी दिसतो. तो तिचा अंडाशय. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात, धीर सोडू नका. मादी फुलं जास्त करून बाजूच्या फांद्यांवर धरतात, म्हणून वेल पाच-सहा फुटांचा झाला की शेंडा खुडा.

दिवेलागणीला ताजं नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मधले पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर (मधल्या, पराग झेलणाऱ्या टोकावर) हलकेच, सगळीकडून फिरवा. एका बीसाठी एक परागकण लागतो आणि दुधीत बिया भरपूर; पराग कमी पडले तर फळ वाकडं, एका अंगाने खुरटलेलं होतं. म्हणून दोन-तीन नर फुलं वापरावीत. पावसाची झड आत येत असेल तर रात्रीपुरती फुलावर पिशवी अडकवा. जमलं असेल तर काही दिवसांतच दुधी फुगू लागतो.

हे लैंगिक प्रजनन. प्रत्येक बीमध्ये दोन्हीकडचा वाटा. पराग दुसऱ्या जातीच्या दुधीचे लावले तरी यंदाचं फळ आईच्याच वळणाचं राहतं. फरक दिसतो तो त्या बियांच्या वेलांवर. मुलांना ही गोष्ट जरूर दाखवा, पुस्तकातल्या आकृतीत ती कळत नाही.

आता पानफुटी. ती शेजारी लावायची ती परागांशिवायचं, अलैंगिक प्रजननही मुलांना बघता यावं म्हणून. एक जाड पान ओल्या मातीवर नुसतं ठेवा. कडेच्या खाचांतून मुळं आणि रोपं फुटतात. ना फूल, ना पराग. सगळी रोपं मूळ झाडाची हुबेहूब प्रत. रोपं झटपट मिळतात, पण एकाला जो रोग मानवत नाही तो सगळ्यांनाच मानवत नाही.

बी धरायचं तर एक दुधी वेलावरच वाळू द्या, आत बिया खुळखुळेपर्यंत. त्या बियांचा दुधी रांधण्याआधी चिमूटभर चाखा. कडू लागला तर टाकून द्या, त्याचा रस मुळीच पिऊ नका. तो विषारी असतो.