मुलांना पुस्तक सुचवताना या चुका टाळा

परत आलेलं पुस्तक वाचलं गेलंय की नाही, हे ग्रंथालयाच्या बालविभागात देवघेव टेबलावर काही वर्षं बसलं की न विचारताही कळायला लागतं. वाचलेल्या पुस्तकाची पाठ जरा सैल झालेली असते आणि पानं एकमेकांपासून सुटलेली असतात. न वाचलेलं पुस्तक उघडताना करकरतं, आणि खुणेची दोरी तेराव्या पानात असते, म्हणजे मीच ठेवली होती तिथेच.

बारा वर्षांच्या एका मुलाला मी माझ्या लहानपणचं अत्यंत लाडकं पुस्तक दिलं होतं. देताना भरभरून बोलले. त्याने तीनदा मुदत वाढवून घेतली. चौथ्यांदा आला तेव्हा पुस्तक टेबलावर ठेवून हळूच म्हणाला, "तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?" दोरी तेराव्या पानातच होती. दोन महिने ते पोर माझ्या आवडीचं ओझं दप्तरातून वाहत होतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, म्हणून पहिली.

आपलं बालपण त्यांच्या हातात ठेवणं

लहानपणी आवडलेलं पुस्तक आठवतं तेव्हा पुस्तक कमी आणि बाकीचंच जास्त आठवत असतं. ती सुट्टी, तो पलंगाचा कोपरा, ज्याने ते दिलं तो माणूस. समोरच्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही. त्याला फक्त छापील पानं मिळतात, आणि त्यातल्या पहिल्या दहांत नदीचं वर्णन असतं.

उपाय सोपा आहे, पण जिवावर येतो. सुचवण्याआधी त्या पुस्तकाची पहिली वीस पानं आज पुन्हा वाचा. गोष्ट कुठे सुरू होते? पाचव्या पानावर की अठराव्या? उशिरा सुरू होत असेल तर पुस्तक वाईट ठरत नाही, पण ते हातात देण्यापेक्षा मोठ्याने वाचून दाखवण्याचं असतं. वर्णनाचा चढ आपण आवाजाने चढवून द्यायचा, पुढे मूल एकटं जातं. आणि "माझं खूप आवडतं पुस्तक आहे हं" हे वाक्य निदान देताना तरी गिळायचं. ते ऐकलं की मुलाला पुस्तक अर्धवट सोडायची सोय उरत नाही.

वय विचारून थांबणं

"नऊ वर्षांच्या मुलीसाठी काहीतरी द्या." एवढ्यावर पुस्तक निवडणं म्हणजे फक्त उंची सांगून चप्पल मागवणं. मुखपृष्ठामागचा वयोगट हा प्रकाशकाचा अंदाज असतो, तोही ढोबळ. खरं तर तीन वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. मूल स्वतः किती वाचू शकतं, दुसऱ्याने वाचलेलं किती समजून घेऊ शकतं, आणि मनाने किती पेलू शकतं. हे तिन्ही एकाच वयाला एकाच पायरीवर नसतात. सात वर्षांचं मूल जोडाक्षरांशी झटापट करत असतं आणि त्याच वेळी ऐकून मोठी कादंबरी आरामात समजून घेत असतं. उलट दहा वर्षांची एखादी मुलगी मोठ्यांचं पुस्तक सरसर वाचते, पण त्यातल्या कुत्र्याच्या मरणाने आठवडाभर झोपत नाही.

वाचनाच्या सोपेपणाचा अंदाज घ्यायला पाच बोटांची जुनी युक्ती आहे. मधलंच कुठलंही पान मुलाला वाचायला द्यायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर सध्या हे पुस्तक सोबतीने वाचायचं. युक्ती चांगली आहे, पण तिचा पोलीस करू नका, कारण आवड असली की हिशेब बदलतो. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८मध्ये सातवी-आठवीच्या मुलांवर केलेला अभ्यास मला म्हणूनच फार आवडतो. त्यांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल कोळून प्यायलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा तो उतारा कितीतरी चांगला समजली. वाक्यांची लांबी आणि शब्दांचा अवघडपणा मोजून पुस्तकाची पातळी ठरवणाऱ्या सूत्रांना हे दिसत नाही.

त्यामुळे "याला वाचता येत नाही नीट" असं कुणी सांगितलं की मी गोष्टींच्या कपाटाकडे जातच नाही. ड्यूई वर्गीकरण, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना क्रमांक द्यायची पद्धत, वापरत असाल तर क्रमांक पाठ करून ठेवा. डायनोसॉर ५६७.९, साप ५९७.९६, फुटबॉल ७९६.३३४, चित्रकथा ७४१.५. आपण 'बालवाचन' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर फक्त गोष्टी येतात आणि माहितीपर पुस्तकांचं कपाट बिचारं प्रकल्पाच्या हंगामापुरतं उघडतं.

चुकीचा प्रश्न विचारणं

"तुला कुठली पुस्तकं आवडतात?" या प्रश्नाला मुलं "काहीही" म्हणतात, आणि किशोरवयीन असतील तर खांदे उडवतात. प्रश्न परीक्षेसारखा आहे, उत्तर चुकण्याची भीती वाटते. त्याऐवजी विचारा, "शेवटचं काय संपवलंस?" पुस्तकच असायला हवं असं नाही. सिनेमा, मालिका, गेम, काहीही चालेल. मग लगेच दुसरा प्रश्न, "त्यातलं काय डोक्यात राहिलं?"

खरं काम या दुसऱ्या प्रश्नात आहे. अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल सांगतात की वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो: कथानक, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. मुलांच्या बाबतीत हे तंतोतंत जाणवतं. दोन मैत्रिणी एकाच गुप्तहेर-मालिकेच्या वेड्या होत्या. एकीला विचारलं तर म्हणाली, "चोर कोण ते मला आधीच कळतं." दुसरी म्हणाली, "ते चौघं एकमेकांना किती पिडतात!" पहिलीला कोडं हवं होतं, दुसरीला टोळकं. दोघींना पुढची रहस्यकथाच दिली असती तर दुसरी नक्की कंटाळली असती. तिला मी भावंडांच्या भांडणांची एक साधी, बिनरहस्याची गोष्ट दिली. पाठ सैल होऊन परत आली.

मोठ्या मुलांना उलटा प्रश्न जास्त मानवतो. "कुठलं पुस्तक अगदी डोक्यात गेलं?" तक्रार करायला तेरा-चौदा वर्षांचा माणूस कधीही तयार असतो. "सगळे उगाच रडत होते", "शेवटी उपदेश", "हिरो बावळट". दोन मिनिटांत निम्मी कपाटं बाद होतात आणि उरलेल्यात शोधणं सोपं जातं.

इथेच येणारी एक अडचण: प्रश्न मुलाला आणि उत्तर आईचं. "त्याला ना, विज्ञान फार आवडतं." तो मात्र बुटाच्या लेसकडे बघतोय. पालकांना टोकायचं नाही, त्यांना काम द्यायचं. "तुम्ही तेवढं त्या कपाटात नवीन काय आलंय ते बघता का?" असं म्हणून त्यांना चार पावलं लांब पाठवलं की लेसकडे बघणारा बोलायला लागतो.

"हे काही खरं वाचन नाही"

चित्रकथा, विनोदांची पुस्तकं, विश्वविक्रमांची जाडजूड पुस्तकं, एकाच मालिकेचा सतरावा भाग. मुलाच्या हातात यातलं काही दिसलं की मोठ्यांचा चेहरा बदलतो आणि मुलं तो चेहरा बरोबर वाचतात. चित्रकथेबद्दलचा आकस तर आता बक्षिसं देणाऱ्यांनीही सोडलाय. १९९२मध्ये एका चित्रकादंबरीला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि २०२०मध्ये बालसाहित्याचं न्यूबेरी पदक पहिल्यांदाच चित्रकादंबरीला गेलं. चित्र आणि मजकूर एकत्र जुळवत, चौकटींमधल्या रिकाम्या जागेत काय घडलं ते स्वतः भरत वाचणं हे काही आळशाचं काम नाही.

"एकच मालिका वाचतो, दुसरं काही घेतच नाही" ही पालकांची नेहमीची तक्रार. मालिका काढून घेऊ नका. ओळखीची पात्रं असली की नवं जग समजून घेण्याचे कष्ट वाचतात आणि वाचनाचा वेग तिथेच वाढतो. मालिकेच्या भागासोबत एक वेगळं पुस्तक जादा द्या आणि त्याबद्दल परत कधीही विचारू नका. माझ्या अनुभवात चौथं-पाचवं जादा पुस्तक उघडलं जातं, बहुतेक वेळा पुढचा भाग दुसऱ्या वाचकाकडे गेलेला असताना.

मुलींना पऱ्या आणि मुलांना साहस ही वाटणी अजून चालते, म्हणून एक ओळ: अशी वाटणी करू नका.

जखमेवर पुस्तक बांधणं

आजी गेली, आजीच्या मरणाचं पुस्तक द्या. आई-वडील वेगळे होतायत, घटस्फोटाचं पुस्तक द्या. हेतू चांगला असतो, परिणाम बरेचदा भयंकर. मी एकदा वर्गमित्रांच्या गराड्यात उभ्या असलेल्या मुलीच्या हातात असं पुस्तक ठेवलं होतं. तिने मुखपृष्ठ पोटाशी उलटं धरलं आणि नंतर बरेच दिवस ती आलीच नाही.

बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९०मध्ये पुस्तकांना आरसा, खिडकी आणि सरकतं काचेचं दार म्हटलं होतं. आपल्यासारखं कुणी दिसावं, दुसऱ्याचं जग दिसावं आणि त्या जगात शिरताही यावं. प्रत्येक मुलाला आरसा मिळायलाच हवा, त्यांचा मुद्दा होताच तो. पण आरसा भिंतीवर असावा, कुणाच्या तोंडासमोर धरलेला नसावा. अशी पुस्तकं दर्शनी मांडणीत, इतर दहा पुस्तकांच्या मधे ठेवा. ज्याला हवं आहे तो उचलतो, कधी घरी न नेता तिथेच कोपऱ्यात वाचून ठेवतो. ते पुस्तक रोज वेगळ्या जागी सापडायला लागलं की समजायचं.

किशोरांच्या बाबतीत गुप्तता हा अर्धा विश्वास आहे. शरीराबद्दल, प्रेमाबद्दल, उदासीबद्दल पुस्तक मागितलं की भुवई हलता कामा नये, आणि नाव मोठ्याने पुकारून पुस्तक द्यायचं नाही. मजकूर वयाच्या पुढचा वाटला तर "हे तुझ्यासाठी नाही" म्हणण्याऐवजी सरळ सांगा: "यात एक मारहाणीचा प्रसंग आहे, साधारण मध्यावर, वाचताना त्रास होतो. नको वाटलं तर तिथे बंद कर." मनाई केली तर ते दुसरीकडून मिळवून एकटेच वाचतात. असं सांगितलं तर मध्यावर पोचल्यावर बोलायला येतात.

बक्षिसाचा मोह

'महिन्यात दहा पुस्तकं वाचा, पदक मिळवा.' मीही केलंय हे. दहा सगळ्यात बारीक पुस्तकं दोन दिवसांत रिकामी झाली आणि पुढच्या महिन्यात टेबलावर शुकशुकाट. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३चा प्रयोग चित्रकलेवरचा आहे, पण इथे लागू पडतो. आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना प्रमाणपत्र न सांगता, अचानक मिळालं त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. प्रत्येक पुस्तकावर सारांश लिहून मागणं हा त्याच जातीचा प्रकार, फक्त बक्षिसाऐवजी शिक्षा.

देताना आणि परत घेताना

देताना भाषण नको. गोष्ट सांगून टाकण्यापेक्षा एक चांगलं अर्धं पान वाचून दाखवा आणि नेमकं अडनिड्या जागी थांबा. एकच पुस्तक दिलं तर ती आज्ञा होते, आठ दिली तर गोंधळ. तीन द्या, त्यातलं एक मुद्दाम सोपं. आणि हो, कौतुक करण्याआधी पुस्तक कपाटात आहे ना ते पाहा. मालिका असेल तर पहिला भाग आहे ना, तेही. तोंडाला पाणी सुटल्यावर "अरे, ते बाहेर गेलंय" म्हणण्यासारखी कुचंबणा नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' सगळ्यांना पाठ असतं. 'वाचकाचा वेळ वाचवा' हेही त्यातलंच आहे.

परत घेताना "आवडलं का?" विचारू नका, सभ्य मूल "हो" म्हणतं आणि माहिती शून्य मिळते. "कुठे थांबलास?" हा प्रश्न कामाचा. पहिल्या दहा पानांत थांबलं असेल तर बहुधा भाषा, बारीक टाइप किंवा संथ सुरुवात आड आली. मध्यावर थांबलं तर गोष्टीत रस नव्हता, त्या प्रकारचं दुसरं लगेच देऊ नका. शेवटाजवळ थांबलं तर जरा थांबून बोला, बरेचदा पुढे काहीतरी वाईट घडणार या भीतीने पुस्तक मिटलेलं असतं. अशा वेळी शेवट सांगून टाकायला हरकत नाही. कुत्रा शेवटी मरत नाही हे सांगून मी किती पुस्तकं पुरी करून घेतली आहेत! सोडण्याचा हक्क तर द्यायलाच हवा. नॅन्सी पर्ल मोठ्यांना पन्नास पानांनंतर पुस्तक सोडायची मुभा देतात, पन्नाशी ओलांडलेल्यांनी शंभरातून वय वजा करून उरतील तेवढीच पानं वाचायची. मुलांना मी पंधरा सांगते.

ही उत्तरं मी एका वहीत टिपून ठेवते, पुस्तकांची नावं कमी आणि थांबलेली पानं जास्त. तिच्यात त्या बारा वर्षांच्या मुलापुढे सध्या एवढंच आहे: 'नदीचं वर्णन नको. साप चालतील. मुदत वाढवून मागितली तर पुस्तक बदलून द्यावं.'